वेंगुर्ल्यातली पावाची बेकरी: कडक पाव एक नंबर, केक ठीकठाक, आणि काकांच्या येशूबद्दल लोक विचारतात म्हणून

बेकरीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. रिव्ह्यू टाकू का असं बेकरीवाल्या काकांना विचारलं होतं, ते म्हणाले पावाबद्दल काय हवं ते लिही, त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल पण लिही, फक्त नाव नको टाकूस, आजकाल कोण कुठून काय वाचेल आणि दारात येऊन उभा राहील सांगता येत नाही. वेंगुर्लेकरांना कळेलच कुणाबद्दल चाललंय. बाहेरच्यांनी सकाळी सहा-साडेसहाला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला उभं राहायचं, सायकलचा भोंगा वाजला की तेच.

आधी पाव. भट्टी अजून लाकडाची आहे, इलेक्ट्रिक ओव्हन घेतलाय पण तो खारी-बिस्किटांना. साधा लादी पाव चांगला आहे पण तसा बाजारात दुसरीकडेही मिळतो, खरी गंमत कडक पावात. वरचं कवच असं की हातात धरून दाबलं तर कडकन आवाज येतो आणि आत मऊ, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवला तरी लगेच लगदा होत नाही. बांगड्याच्या तिखल्याबरोबर खाऊन बघा, मग भाकरी नको वाटते (आईसमोर हे बोलायचं नाही). पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर (म्हणजे माडी) घालायचे, आता सगळीकडे यीस्ट, त्यामुळे तो जुना आंबूस वास गेला असं म्हातारी माणसं म्हणतात. मी तो वास कधी घेतला नाही त्यामुळे मला काही कमी वाटत नाही. टोस्ट मस्त. नानकटाई चांगली पण संध्याकाळपर्यंत संपते. खारी पावसाळ्यात घेऊ नका, जून ते सप्टेंबर इकडच्या हवेत कुणाचीच खारी टिकत नाही, डब्यात तांदूळ टाकून ठेवा नाहीतर काहीही करा, दुसऱ्या दिवशी चामडं.

घरपोच सर्व्हिस हा खरा प्लस पॉइंट. महिन्याची वही, महिनाअखेरीला हिशोब, जीपे चालतं. उद्या दोन जादा हवेत तर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप करायचा. वेळ चुकत नाही, गणेश चतुर्थीच्या दिवसांत तर उलट लवकर येतात कारण घराघरात चाकरमानी भरलेले असतात आणि सगळ्यांना सकाळी चहाबरोबर काहीतरी लागतं.

आता दुसरी गोष्ट, ज्याच्याबद्दल मला सगळे विचारतात. काका ख्रिश्चन आहेत. आमच्याकडे पाववाला म्हटलं की तो गोव्याकडचा कॅथलिक असं लोक धरूनच चालतात पण हे प्रॉटेस्टंट. त्यांचे आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात काम शिकले आणि तिथून इथल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात कंपाउंडर म्हणून आले, तेव्हा ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं होतं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथले मिशनरी डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला आणि 1977 ला अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. वेंगुर्ल्याचा माणूस! आपल्या लोकांना हे कोणी सांगत कसं नाही कळत नाही.) तर काका गिऱ्हाइकांशी येशूबद्दल बोलतात ही गोष्ट खरी आहे. आणि नवीन राहायला आलेल्या माणसाला शेजारीपाजारी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतात की पाव चांगला आहे पण तो तुला किरिस्तांव करेल हां.

नाही करत. मी बरीच वर्षं त्यांचा पाव खातेय आणि अजून दर सोमवारी रामेश्वराला जाते.

होतं असं की ते स्वतःहून सुरूच करत नाहीत. काउंटरच्या मागे बायबलच्या वचनाचं कॅलेंडर आहे, जसं दुसऱ्या दुकानात लक्ष्मीचं असतं तसंच, आणि बिस्किटांच्या बरण्यांच्या बाजूला एका फळीवर पातळ पुस्तकं ठेवलीत, बहुतेक मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमध्ये येशूच्या आयुष्यावर जी चार पुस्तकं आहेत त्यातलं एक. मार्कच का विचारलं तर म्हणाले चारांत सगळ्यात छोटं तेच, 16 अध्याय, पाव भाजून होईपर्यंत अर्धं वाचून होतं. पुस्तक फुकट आहे पण मागितल्याशिवाय हातात देत नाहीत. हा त्यांचा कडक नियम. पिशवीत गुपचूप टाकणं नाही, पाव पत्रकात गुंडाळून देणं तर नाहीच. मागे कोणीतरी एसटी स्टँडवर पत्रकं वाटून गेलं होतं आणि दुपारी त्याच पत्रकांत शेंगदाणे गुंडाळून मिळत होते, ते बघून काकांना जेवण गेलं नव्हतं म्हणे. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात 15 वं वचन आहे, तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा पण सौम्यपणे आणि आदरानं, अशा अर्थाचं. काका म्हणतात यातला 'विचारलं तर' हा भाग आमच्याच लोकांना दिसत नाही.

मग लोक विचारतात कशाला? कारण माणूस रोज दारात येतो. सायकल थांबवून दोन मिनिटं उभा राहतो, कुणाची सासू पडली, कुणाच्या मुलाचं गोव्यातलं काम सुटलं, कुणाची होडी इंजिन बिघडून बंद पडलीय, सगळं त्यांना माहीत असतं आणि दुसऱ्या दिवशी ते विसरलेले नसतात. 'काल डॉक्टर काय म्हणाले' असं विचारणारा आमच्या आळीत तो एकच बाप्या. आणि कुणाचं फारच वाईट चाललं असेल तर एवढंच विचारतात, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल काय, इथे नको असेल तर मी घरी करतो. नको म्हटलं तर विषय संपला, उद्या परत पाव, परत भोंगा, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटतं हा 'नको' पचवणं सगळ्यात अवघड असणार, मी एलआयसीवाल्यांत पण असा माणूस बघितला नाही.

आईला ऑपरेशनसाठी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा मी हो म्हटलं होतं. घाबरले होते, कोणी काही म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं. पायरीवर उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि साधी मराठीत प्रार्थना, डॉक्टरांच्या हाताला यश दे, हिला धीर दे, आईला परत सुखरूप घरी आण, एक एक वाक्य थांबून थांबून. आता आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक वाक्याला काय म्हणायचं ते अंगात भिनलेलं असतं ना, माझ्या तोंडून पटकन निघालं, 'व्हय म्हाराजा!' काकांनी एक डोळा उघडून बघितलं, हसू दाबलं आणि पुढचं वाक्य म्हणाले, मी परत व्हय म्हाराजा, शेवटी त्यांनी आमेन म्हटलं. आईचं सगळं नीट झालं, ते डॉक्टरांमुळे, रामेश्वरामुळे का येशूमुळे यावर आमच्या घरात तीन मतं आहेत आणि काकांनी आजपर्यंत एकदाही 'बघितलंस ना' असं म्हटलेलं नाही.

पण बिल पूर्ण घेतलं. त्या महिन्याचा हिशोब नेहमीसारखा, एक रुपया कमी नाही. मला आधी जरा विचित्र वाटलं, एवढी माया दाखवता आणि चार दिवस पाव परत गेले त्याचे पैसे लावता? नंतर एकदा बोलता बोलता कळलं की हाही नियमच आहे. ज्याच्याशी देवाबद्दल बोलणं झालं त्याची उधारी माफ करायची नाही, त्याला सूट द्यायची नाही, त्याच्या पोराला कामावर ठेवायचं असेल तर पगार बाकीच्यांएवढाच. उलट ज्यांनी कधी त्यांच्याशी धर्माचा शब्द काढला नाही अशा दोन-तीन घरांची उधारी त्यांनी गुपचूप फाडून टाकलीय हे मला काकूंकडून कळलं, काकांकडून नाही. म्हणाल्या, 'पाव दिऊन माणूस आणलो तर तो पावाक इलेलो, येशूक नाय.' मला हे फार पटलं. कारण गावात जी कुजबुज असते ती याचीच असते, पैसे देतात, तांदूळ देतात, नोकरी देतात. मागे काही पोरं येऊन विचारून पण गेली, काय चाललंय इथे. काकांनी काय केलं तर वही पुढे टाकली, वाचा म्हणाले, कोणाला काय दिलं सगळं लिहिलंय. पोरांनी वही चाळली, त्यातल्या एकाच्याच घरची तीन महिन्यांची बाकी निघाली. त्यानं ती भरली की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कायद्याचं पण त्यांना नीट ठाऊक आहे. संविधानाच्या कलम 25 मध्ये आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे सांभाळून. आणि 1977 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्मातली शिकवण सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. हे मी त्यांना ऐकवायला गेले तर ते आधीच वाचून बसलेले. म्हणाले माणूस बदलणं माझ्या हातात नाहीच, कोर्टानं सांगायच्या आधीपासून नाही, मी फक्त सांगतो, तेही चहा थंड होईपर्यंत.

आता चतुर्थीचं सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. दरवर्षी काका आमच्या गणपतीला येतात. चपला काढून माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात ती) बसतात, आईची चौकशी, गावातल्या गजाली, चहा घेतात, चिवडा खातात. पण प्रसाद घेत नाहीत. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आई जाम चिडली. 'आमचो पैसो चलता, चाय चलता, मगे देवाचो परसाद कित्याक चलणा नाय?' काका हात जोडून म्हणाले, 'वयनीनू, रागाव नकात, खोटा हसान घेतलंय आणि भायर जाऊन टाकलंय तर तां वायट.' ते गेल्यावर आई बराच वेळ भांडी आपटत होती. मलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू. ते आमच्याकडे येऊन त्यांच्या देवाबद्दल बोलणार, आम्ही प्रार्थनेला उभं राहणार, आणि आमचा मोदक मात्र नाही, हे समान कुठे झालं? ही तक्रार मी त्यांना तोंडावर केली आहे. त्यांनी वाद घातला नाही, म्हणाले तुझं बरोबर आहे, तुला वाईट वाटणारच, पण माझ्या मनात जे नाही ते हातात घेऊन मी तुला फसवणार नाही, आणि तू पण माझ्या प्रार्थनेला मनात नसताना उभी राहू नकोस. मला अजून ते शंभर टक्के पटलेलं नाही. त्यांच्याच चर्चमधले एकजण बिनधास्त मोदक खातात, म्हणजे त्यांच्यातही दोन मतं असणार, बायबलमध्ये पौलानं करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना याच विषयावर, मूर्तीला दाखवलेलं खावं की नाही यावर, अख्खा अध्याय लिहिला होता असं काका स्वतःच सांगतात. आईनं मात्र तिच्यापुरता तोडगा काढलाय, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधीच चार मोदक ताटलीत झाकून बाजूला ठेवते, 'हे देवाक दावलेले नाय हां,' असं मोठ्यानं सांगून पुढे करते आणि काका ते आवडीनं खातात. नाताळात त्यांच्याकडून करंज्या-चकल्यांचा डबा येतो तेव्हा आई न चुकता विचारते, 'येशूक दाखवून हाडलास काय?' आणि ते म्हणतात, 'आमच्यात निवेद नसता वयनीनू, बिनधास खावा.'

हे सगळं एवढं लांबण लावून सांगायचं कारण मी दुसरा प्रकारही बघितलाय. मांडवी एक्सप्रेसनं येताना एक बाई शेजारी बसल्या होत्या, पनवेल सोडलं तेव्हा त्यांनी सुरू केलं, तुम्हाला माहीत आहे का तुम्ही पापी आहात, आणि चिपळूण आलं तरी चालूच. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. मी कुठे चाललेय, हातातल्या पिशवीत औषधं कोणाची, काही नाही. वडापाव आला तेव्हा मला वाटलं आता तरी थांबतील, त्यांनी वडापाव खाल्ला आणि परत सुरू. मी बाथरूमच्या दारापाशी जाऊन उभी राहिले रत्नागिरीपर्यंत.

काकांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले गाडीत बोलून काही होत नाही असं समजू नको. मग त्यांनी ना. वा. टिळकांची गोष्ट सांगितली. शाळेत आपण ज्यांच्या कविता शिकलो ते, फुलामुलांचे कवी, आपल्याच कोकणातले, 1861 ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले. ते रेल्वेनं राजनांदगावला चालले होते, डब्यात एक गोरा साहेब भेटला, अनोळखी. त्या साहेबानं पाप-बिप काही काढलं नाही, संस्कृत काव्यावर गप्पा सुरू झाल्या, मस्त रंगल्या, आणि उतरायच्या आधी त्यानं टिळकांना नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) दिला, म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचायचं कबूल केलं म्हणून वाचलं, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या चालीवर लिहिली, कीर्तनं केली, आजही चर्चमध्ये ती म्हणतात. काका ही गोष्ट सांगताना एकदम खुलतात.

मी म्हटलं काका अर्धीच गोष्ट सांगताय, टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं सांगा. नवऱ्यानं न विचारता धर्म बदलला आणि त्या बाईची काय अवस्था झाली, कित्येक वर्षं वेगळं राहावं लागलं, सोवळ्यात वाढलेली बाई, लोकांची बोलणी, तिनं स्वतःच लिहून ठेवलंय सगळं. नंतर त्या स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या ते त्यांच्या वेळेनं झाल्या, पण गाडीतल्या त्या साहेबाला यातलं काय माहीत होतं? तो पुस्तक देऊन उतरून गेला. काका यावर गप्प झाले. मग म्हणाले म्हणूनच मी उतरून जात नाही, मी सायकलवर आहे, उद्या परत याच दारात यायचंय. आता हे उत्तर आहे की नाही मला माहीत नाही पण मांडवीतल्या बाईपेक्षा हे बरंच बरं आहे, आणि ज्या कोणाला आपल्या धर्माबद्दल परक्याशी बोलायची हौस आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो, त्यानं एक महिना त्यांच्या सायकलमागे फिरावं.

खटकलेल्या गोष्टी पण लिहिते, नाहीतर म्हणाल हिला पाव फुकट मिळतो. दुपारी काउंटरला त्यांचा भाचा असतो, तो कुठल्यातरी शिबिराला जाऊन आलाय आणि त्याला काकांचे नियम मान्य नाहीत. सुटे पैसे मोजता मोजता तो 'आज रात्री तुमचा प्राण गेला तर' असं विचारतो. अरे मी नानकटाई न्यायला आलेय! काकांनी त्याला दोनदा माझ्यासमोर झापलंय तरी फरक नाही, त्यामुळे ज्यांना नुसता पाव हवाय त्यांनी सकाळीच जावं. ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावतो तेही मोठ्यानं, चाली छान असतात पण ऑर्डर ऐकू जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा पण घोळ होता. एकाच ब्रॉडकास्टवर सकाळी वचन यायचं आणि संध्याकाळी 'उद्या भट्टी बंद' पण त्यावरच. लोकांनी वचन नको म्हणून म्यूट केलं आणि मग भट्टी बंदचा मेसेज कुणी वाचेना, सकाळी भोंग्याची वाट बघत बसले. मी सांगितलं काका दोन याद्या करा, आता केल्यात, पावाची वेगळी आणि वचनाची वेगळी, वचनाच्या यादीत यायचं असेल तर स्वतः मेसेज करावा लागतो. त्या यादीत किती जण उरले विचारलं तर म्हणाले, पावाच्या यादीपेक्षा कमी आहेत पण वाचतात तरी.

केकचं म्हणाल तर बर्थडे केक इथून घेऊ नका, क्रीम फार गोड आणि गुलाबी रंग डोळ्यात जातो. नाताळचा प्लम केक मात्र नक्की घ्या, त्यात काजू इथलेच असतात आणि हात आखडता नसतो. ऑर्डर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत द्या, नंतर घेत नाहीत, ओळख काढून उपयोग नाही, मी काढून बघितलीय. रविवारी बंद, म्हणजे खरंच बंद, शटर ठोकू नका, शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचे घेऊन ठेवा. कडक पाव दुसऱ्या दिवशी तव्यावर पाण्याचा शिपका मारून झाकण ठेवून गरम केला की परत तस्साच होतो.